‘वेब डिझायनर पाहिजे’ म्हणजे नेमके कोण पाहिजे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या ‘पाहिजेत’ सदरात वेबसाइटच्या कामासाठी येणाऱ्या जाहिराती एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. ‘वेब डिझायनर पाहिजे. फोटोशॉप, कोरल, फिग्मा, वर्डप्रेस, एचटीएमएल, पीएचपी, एसईओ, व्हिडिओ एडिटिंग आवश्यक. अनुभव १ वर्ष.’ यादीच्या लांबीला हसणारे पुष्कळ आहेत. माझी तक्रार लांबीबद्दल नाही. चार जणांच्या ऑफिसात एकाने तीन कामे उरकायची हे कोल्हापुरात चालायचेच, त्यात गैर काही नाही. तक्रार अशी आहे की या यादीत हत्यारे सगळी आहेत, काम एकही नाही. ‘सुतार पाहिजे’ म्हणावे, खाली रंधा, पटाशी, करवत, ड्रिल एवढेच लिहावे आणि दार करायचे आहे की देव्हारा हे सांगूच नये, तसला प्रकार.

दुसऱ्या टोकाला पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांकडून उचललेली पदनावे आहेत. यूएक्स (वापरण्याचा अनुभव) डिझायनर, यूआय (पडद्यावरची मांडणी) डिझायनर, इंटरॅक्शन डिझायनर, इन्फर्मेशन आर्किटेक्ट (माहितीची वर्गवारी लावणारा), यूएक्स रायटर, फ्रंट-एंड डेव्हलपर (दिसणाऱ्या पानाचा कोड लिहिणारा). पाट्या सहा, पण टेबलावरचे काम पाहिले तर निम्मे सारखेच. त्यामुळे बटणावरचा शब्द कोणी ठरवायचा यावर दोन दिवस चर्चा होते आणि चुकीचा पिनकोड पडला तर पानावर काय दिसावे, हे मात्र कोणीच ठरवलेले नसते. वेबच्या कामात कौशल्ये एकमेकांवर चढलेली असणारच, ती तशी असावीतच. पण प्रत्येक निर्णयाला धनी एकच हवा, आणि तो कोण हे काम सुरू होण्याआधी माहीत हवे.

उद्यमनगरात, आपल्या ओतकामाच्या कारखान्यांच्या वस्तीत, हे समजावून सांगायची गरज पडत नाही. पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना) करणारा माणूस भट्टीवर उभा राहत नाही, पण बीड (ओतीव लोखंड) गार होताना साधारण एक टक्का आखडते हे त्याला पाठ असते. म्हणून १०० मिलिमीटरच्या जागी त्याचा पॅटर्न १०१ चा असतो. पॅटर्न उचलताना वाळूचा साचा ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना तो एक-दोन अंशांचा उतार देतो. जिथे पुढे मशिनिंग व्हायचे आहे तिथे जादा माल सोडतो. म्हणजे साचा भरणाऱ्या मोल्डरचे, भट्टीवाल्याचे आणि लेथवाल्याचे ज्ञान त्याच्या डोक्यात असते, तरी त्याला कोणी ‘पॅटर्नमेकर कम मोल्डर कम टर्नर’ म्हणत नाही. माप चुकले तर कोणाला हाक मारायची हे सगळ्या शॉपला ठाऊक असते.

वेबच्या कामात इंटरॅक्शन डिझायनरची जागा तीच. पान कसे दिसते याच्याशी त्याचा संबंध असतोच, पण माणसाने काही केल्यावर पान कसे वागते, हा त्याचा खरा प्रांत. हे नाव १९८० च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक यांनी रूढ केले. मॉग्रिज मुळात वस्तू घडवणारे डिझायनर. ‘ग्रिड कंपास’ या अगदी सुरुवातीच्या लॅपटॉपची पेटी त्यांची. ती वापरायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आले की झाकण आणि बिजागरी दोन मिनिटांत विसरायला होते, सगळा वेळ पडद्याच्या आतल्या कारभाराशी झटापट करण्यात जातो. हा पेशा जन्मापासूनच दोन धंद्यांच्या बांधावरचा आहे, त्यामुळे त्याच्या सीमा धुसर आहेत म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

आता एक बटण जवळून पाहू. चपलांच्या दुकानाची साइट आहे, गिऱ्हाइकाने ८ नंबरची कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) निवडली आहे आणि समोर पैसे भरायचे बटण आहे. त्यावर ‘सबमिट’ लिहायचे की ‘₹१,४५० भरा’? दुसरे केव्हाही बरे, कारण शेवटच्या क्षणी रक्कम डोळ्यांसमोर राहते. शब्द लेखकाचा, पण रक्कम बटणावरच असावी हा निर्णय वागण्याचा. बटण केवढे? सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या निकषांत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहे. अंगठ्याने वापरायच्या फोनवर ४८ धरलेले बरे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक निदान ४.५:१ हवा. पिवळ्यावर पांढरे अक्षर फ्लेक्सवर लांबून उठून दिसत असेल (तिथेही दिसत नाही, पण ते असो), दुपारच्या उन्हात फोनवर ते वाचता येत नाही. रंग व्हिज्युअल डिझायनर निवडेल, पण ही मर्यादा इंटरॅक्शनवाल्याला माहीत हवी आणि फ्रंट-एंडवाल्याला मोजता यायला हवी.

आराखड्याच्या फाइलमध्ये हे बटण बहुतेक वेळा एकदाच काढलेले असते, ऐटीत उभे. प्रत्यक्षात त्याची निदान पाच रूपे लागतात: साधे, दाबलेले, काम चालू असलेले, बंद असलेले आणि कीबोर्डने त्यावर आलो आहोत हे दाखवणारे. ही रूपे काढून दिली नाहीत तर ती रात्री अकरा वाजता डेव्हलपर स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, आणि मग सकाळी ‘हे असं कुणी केलं?’ सुरू होते. वेळेचे गणितही इथेच येते. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही उपयोगी पडतात. ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडते. म्हणून दाबताक्षणी रूप बदललेच पाहिजे, सर्व्हरचे उत्तर केव्हाही येवो.

उत्तर येईना म्हटल्यावर गिऱ्हाईक काय करते? पुन्हा दाबते. डिझायनर म्हणतो, पहिल्या दाबाला बटण बंद करा. चांगले आहे, पण पुरेसे नाही. कळंब्याच्या पुढे गाडीत बसलेल्या माणसाचे नेट मध्येच गेले तर बटण बंद अवस्थेतच अडकते. तो पान ताजे करतो आणि दुसरी ऑर्डर पडते. खरा इलाज सर्व्हरवर आहे: बटण दाबण्याआधीच त्या ऑर्डरला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ऑर्डर करायची नाही. हे काम बॅक-एंडवाल्याचे, म्हणजे सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याचे. पण असा इलाज असतो हे डिझायनरला माहीतच नसेल तर तो मागणार कसा?

सगळ्यात दुर्लक्षित पान यापुढचे. यूपीआयने पैसे भरायला माणूस दुकानाच्या साइटवरून दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि परत येतो, किंवा येत नाही. परिणाम तीन: भरले, फसले, आणि अजून कळले नाही. पहिल्या दोहोंसाठी हिरवे-लाल पान असते. तिसऱ्यासाठी बहुधा काहीच नसते, चकती फिरत राहते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयने पैसे गेले पण दुकानाला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई. हे ठाऊक असलेला माणूसच त्या पानावर असे लिहू शकतो: ‘बँकेकडून अजून उत्तर आलेले नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर पुन्हा भरू नका. ऑर्डर क्रमांक जपून ठेवा. उत्तर येताच एसएमएस करू.’ या चार वाक्यांत नियम आहे, गेटवेकडून (बँक आणि दुकान यांच्यातल्या मध्यस्थाकडून) उशिरा येणाऱ्या निरोपाची तांत्रिक माहिती आहे, भाषा आहे आणि घाबरलेल्या माणसाची समजूतही आहे. चार जणांचे ज्ञान लागते. धनी मात्र एकच: इंटरॅक्शन डिझायनर. हे पान त्याने मागितले नाही तर ते कधीच होत नाही.

शेवटच्या वाक्यातला एसएमएस वाटतो तेवढा सोपा नाही. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. ही ७० घरे काना-मात्रा-अनुस्वार वेगवेगळे मोजून. वरच्या मजकुरातले पहिले वाक्यच ३१ घरे खाते. मर्यादा ओलांडली की निरोप ६७-६७ चे तुकडे होऊन जातो आणि बिल तुकड्यांचे लागते. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांपासून धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. ‘मजकूर काय, आयत्या वेळी टाकू’ म्हणणाऱ्यांची साइट उद्घाटनाच्या दिवशी मुकी असते, ती याच कारणाने.

देवनागरीचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे वेबच्या कामात येणारे पुष्कळजण लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या कोरलवरून आलेले आहेत, आणि त्यांची अक्षराची नजर चांगली असते. अडचण कागदाची आहे. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स लावल्यावर हलत नाही. फोनचे पान ३६० पिक्सेल रुंद असते, संगणकाचे १२८० किंवा जास्त, आणि माणूस अक्षर मोठे करून वाचतो तेव्हा सगळे पुन्हा सरकते. रोमनसाठी ठीक वाटणारे १.२ चे ओळअंतर मराठीला ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो; १.५ ते १.६ पासून सुरुवात करावी. आणि मथळा ‘मोकळा’ दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषेचे तुकडे पडतात. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवली तर, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीचे. एका ओळीचे काम आहे. कोणाचे? डिझायनरला फरक दिसतो, ओळ लिहितो डेव्हलपर. म्हणून ते राहून जाते.

‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरे: को, ल्हा, पू, र. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेताच्या हिशेबी नऊ चिन्हे, आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीने साठवताना प्रत्येकी तीन प्रमाणे २७ बाइट. डिझायनरने नावाच्या रकान्याला ‘२० अक्षरे पुरेत’ म्हटले तर ती कोणती वीस? जिथे डेटाबेस बाइट मोजतो तिथे वीस बाइटांत सहाच चिन्हे बसतात, सातवे मधोमध कापले जाते आणि गिऱ्हाइकाच्या आडनावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन उगवतो. तीच गत आकड्यांची. मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर ९८… असा देवनागरीत पडला की इंग्रजी 0 ते 9 हे आकडेच तपासणारा कोड ‘नंबर चुकीचा आहे’ म्हणतो. नंबर बरोबर असतो. फॉर्मने आकड्यांचा कीबोर्ड उघडावा हे डिझायनरने सांगायचे, आणि तरीही देवनागरी आकडे आले तर सर्व्हरने ते मुकाट बदलून घ्यायचे. दोघांपैकी एकानेच केले तर भोक राहते.

ज्यांना ही अनेक पेशांची सरमिसळ म्हणजे अलीकडचे फॅड वाटते त्यांनी र. कृ. जोशी आठवावेत. सुलेखनकार, कवी, जाहिरातक्षेत्रातले कला-दिग्दर्शक आणि पवईच्या आयआयटीतले शिक्षक. विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. मात्रा कुठे बसावी हे ठरवायला बोरू धरलेला हात आणि संगणकाचे नियम, दोन्ही लागत होते.

फॉर्मबद्दल थोडे. विकत घेतलेल्या थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम, सिटी, स्टेट, झिप’ असे रकाने आयते येतात. आपल्या माणसाचे नाव तीन भागांचे, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी. पत्ता ‘मु. पो. हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर’. पिनकोडवरून गाव आपोआप भरण्याची हौस असते, पण एका पिनकोडाखाली अनेक गावे असतात, म्हणून आपोआप न भरता यादी पुढे करावी. हे रकाने डेटाबेसमध्ये आधी पडतात आणि मग डिझायनरला दाखवले जातात. तोवर बदल महाग झालेला असतो. क्रम उलटा हवा.

मालाची वर्गवारी हेही असेच सामाईक शेत. दुकानदार कापशी, पुकरी, कचकडी अशी विभागणी करतो, कारण त्याच्या फळीवर माल तसा आहे. मुंबईहून मागवणारा ‘लग्नात घालायची’, ‘रोजची’, ‘कर्रकर्र वाजणारी’ असे शोधतो. तीस-चाळीस वस्तूंची नावे चिठ्ठ्यांवर लिहून दहा-पंधरा जणांना गठ्ठे करायला सांगितले की दोन्ही भाषा समोर येतात. खर्च चिठ्ठ्यांचा आणि चहाचा. हे इन्फर्मेशन आर्किटेक्टने करावे की इंटरॅक्शन डिझायनरने, यावर वाद घालू नये. ज्याला दुकानदाराशी नीट बोलता येते त्याने करावे. एसईओवाल्याला (साइट गूगलच्या शोधात वर यावी हे पाहणाऱ्याला) मात्र त्या बैठकीला बसवावे, नंतर तो वेगळेच शब्द घेऊन येतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे सरमिसळ करू नये, ती म्हणजे चाचणी. ज्याने पान आखले त्यानेच गिऱ्हाइकाशेजारी बसून ‘इथे दाबा ना’ म्हणायचे, ही चाचणी नव्हे. छोट्या ऑफिसात वेगळा संशोधक परवडत नाही, तर अदलाबदल करा: बोलणारा बॅक-एंडवाला, डिझायनर मागे गप्प. नील्सन यांच्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसून येतात. पाच माणसे, प्रत्येकी अर्धा तास, एक दिवस. ती मालकाच्या घरातली नसावीत. काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नये; ‘भावासाठी ८ नंबरची चप्पल मागवा’ एवढेच. ऑफिसच्या वायफायवर आणि मालकाच्या भारी फोनवर सगळेच पळते, म्हणून साधा फोन आणि मोबाइल डेटा. आणि शेवटी ‘आवडली का साइट?’ हा प्रश्न विचारायचाच असेल तर विचारा, उत्तर लिहून घेऊ नका. आपल्याकडे पाहुण्याला कोणी ‘नाही आवडली’ म्हणत नाही.

डिझायनरला कोड लिहिता यायला हवा का, हा वाद कॉलेजांतही चालतो. माझे मत: साइट बांधता येईल इतका नको, वाचता येईल इतका हवा. उदाहरणार्थ, बटण खरे ‘बटण’ म्हणून लिहिले आहे की रंगवलेला नुसता चौकोन आहे, हे ओळखता यावे. चौकोन दिसतो सारखाच, पण कीबोर्डने त्यावर जाता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीनरीडर ते बटण असल्याचे सांगत नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ही चूक अजून दररोज होते. तसेच डेव्हलपरला चित्र काढता यायला नको, पण आराखड्यात काय राहिले हे विचारता यावे. यादी रिकामी असेल तर? एक वस्तू असेल तर, दोनशे असतील तर? फोटो आलाच नाही तर? नाव दोन ओळींचे झाले तर? हे प्रश्न आराखडा हातात घेतानाच विचारावेत, आणि उत्तरे फाइलमध्ये लिहून घ्यावीत, व्हॉट्सॲपवर नव्हे.

मुलाखतीत फुकट होमपेज करून मागण्याची पद्धतही सोडावी. कागद-पेन्सिल द्या, पाऊण तास द्या आणि ‘पिनकोड चुकला’ किंवा ‘पैसे अडकले’ या प्रसंगाची पाने काढायला सांगा. उमेदवार कोणते प्रश्न विचारतो यावरून त्याला शेजारच्या टेबलावरचे किती कळते ते समजते. विद्यार्थ्यांनीही आपल्या कामाच्या फाइलमध्ये सहा सुंदर होमपेज ठेवण्यापेक्षा एक होमपेज आणि चुकांची पाच पाने ठेवावीत.

आणि जाहिरात द्यायची असेल तर, तेवढ्याच जागेत बसणारा हा एक नमुना: ‘चपलांच्या ऑनलाइन दुकानासाठी इंटरॅक्शन डिझायनर पाहिजे. वस्तू निवडण्यापासून पैसे भरेपर्यंतच्या सर्व पानांचे वागणे, चुकीच्या वेळची पाने व मजकूर यांचा अंतिम निर्णय आपला. रंग-फॉन्टसाठी व कोडसाठी स्वतंत्र माणूस आहे. त्यांच्याशी बोलता येण्याइतके एचटीएमएल हवे. मराठी शुद्ध हवी. महिन्यातून एक दिवस गिऱ्हाइकांसोबत चाचणी. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल.’

कळावे,
आपला,
वेबच्या कामातला एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर